पांगाऱ्याच्या दिवसांत सावंतवाडी

पहिला दिवस

दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारी एक्स्प्रेस मला तिच्या नावासाठीच आवडते. केशवसुतांच्या कवितेवरून हे नाव पडलं. कवितेचं नाव रेल्वेच्या फलाटावर पुकारलं जातं, हे मला प्रत्येक वेळी ऐकावंसं वाटतं. बरोबर आत्या होती. वय बहात्तर, गुडघे दुखरे, पण खिडकीची जागा सोडायला तयार नाही. तिने पर्समध्ये रुमालात गुंडाळून एक लाटणं आणलं होतं. माझ्या करंगळीएवढं, लाल-पिवळ्या पट्ट्यांचं, लाखेचं. तिच्या लहानपणच्या भातुकलीतलं एवढंच उरलंय. ती भातुकली आजोबांनी सावंतवाडीहून आणली होती. जिथून ती आली ती जागा एकदा पाहायची, एवढं आत्याच्या मनात होतं. मला चार दिवस कुठेही न धावता चित्रं काढायची होती, वही भरायची होती. आमचं जमलं.

जाग आली तेव्हा रत्नागिरी मागे गेली होती. फेब्रुवारी संपून मार्च लागलेला. कोकणातला वसंत हिरवा नसतो, हे घाटावरच्या माणसाला पटकन कळत नाही. गवत वाळून पिवळं झालेलं, जांभा दगड तापायला लागलेला, आणि त्यात मधूनच एखादं झाड पानं पूर्ण गाळून नुसत्या लाल फुलांनी पेटलेलं. सावर पाकळ्या टाकत होती. काजूला मोहरही होता आणि बोंडंही. पण डोळा खेचून घेत होता तो पांगारा. बांधावर, कुंपणात, कुणाच्या परसात. काटेरी खोड, फांद्यांच्या टोकांना लाल फुलांचे घोस आणि त्यांवर कावळे, साळुंक्या, बुलबुल यांची झुंबड. वैभववाडी ते कणकवली मी एकोणीस झाडं मोजली. मग आत्या म्हणाली, "मोजू नकोस गं, बघ नुसतं." मी मोजणं थांबवलं.

सावंतवाडी रोड स्टेशन गावात नाही, मळगावात आहे. रिक्षाने गावात आलो, खोलीवर सामान टाकलं, जेवलो, झोपलो. उन्हं कलल्यावर चितार आळीत गेलो.

आळी फार मोठी नाही. दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांत लाकडी फळं. केळी, फणसाचा गर, सीताफळ, पपईची फोड, सगळं इतकं खरं की हात जातोच. पाट, देव्हारे, पाळण्यावर टांगायची चिमणाळी, गंजिफाचे गोल पत्ते आणि भातुकली. गोव्याला जाणाऱ्या गाड्या इथे वीस मिनिटं थांबतात, लोक फळांची परडी घेतात आणि पुढे जातात. मला वाटतं, एवढ्यात या आळीतलं काहीच दिसत नाही. दुकानाच्या मागे काम चालतं, ते बघायला बसावं लागतं.

एका दुकानात मागच्या पडवीत कातकाम चालू होतं. यंत्रावर लाकडाचा तुकडा गरगर फिरत होता. कारागिराने त्यावर लाखेची कांडी टेकवली. फिरण्याच्या घर्षणाने लाख तापून वितळते आणि लाकडावर रंगाचा पट्टा उमटतो. ब्रश नाही की डबा नाही. मग केवड्याची पात दाबून धरली, आणि मघाचा मळकट लाल एकदम आरशासारखा झाला. आत्या इतका वेळ दाराशी उभी होती. कारागिराने मान वर केली. "खंयसून इलात? बसा बसा."

आत्याने रुमाल सोडला आणि लाटणं त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून उजेडात फिरवलं, वजन पाहिलं, कानाशी नेऊन नखाने टिचकी मारली.

"ह्यां पांगाऱ्याचां," ते म्हणाले. "किती हलक्या हा बघा. आता असो पांगारो गावणा नाय."

पांगाऱ्याचं लाकूड मऊ आणि हलकं, कापायला सोपं, मुलाच्या हातात जड होत नाही. म्हणून खेळण्यांना तोच वापरायचे. आता आंबा आणि मिळेल ते मऊ लाकूड घेतात. आत्या काही बोलली नाही. पंचेचाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, गप्प बसणं तिच्या स्वभावात नाही. परत येताना वाटेत म्हणाली, "म्हणजे आपण सकाळी गाडीतून बघत होतो ते हेच झाड."

दुसरा दिवस

हा दिवस मी मुद्दाम मोकळा ठेवला होता. आत्याला सांगितलं होतं, आज वाहन नाही, आज पायी.

सहाला उठून मोती तलावाच्या काठाने चाललो. पाणी हलत नव्हतं. समोर नरेंद्र डोंगर अजून निळसर होता आणि त्याची सावली अर्ध्या तलावात उतरली होती. कुठेतरी तांबट पक्षी एकाच सुरात टुक टुक करत बसला होता. काठावर कवी केशवसुतांच्या नावाचा कट्टा आहे. ज्यांच्या कवितेच्या नावाच्या गाडीने आलो, त्यांच्याच नावाच्या कट्ट्यावर बसून वही उघडायला मिळाली, याने मी उगीचच खूश झाले. जलरंगांची छोटी पेटी, एक ब्रश, तलावातलंच पाणी. पहिलं चित्र बिघडलं. डोंगराचा निळा पाण्यात ओघळला. दुसऱ्यात तो ओघळ मी तसाच राहू दिला आणि तो पाण्यातल्या सावलीसारखा दिसला.

न्याहारीला घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. घावणा कडेने कुरकुरीत आणि मधे जाळीदार हवा, आणि तव्यावरून थेट पानात यायला हवा. तो तसाच होता. बाजारात सुरंगीचे वळेसर आले होते. सुरंगी हे या भागाचं फूल, वर्षातून थोडेच दिवस येतं. पिवळसर, केसरांनी भरलेलं, आणि वास असा की रस्त्याच्या पलीकडून कळतो. आत्याने दोन घेतले, एक स्वतःच्या अंबाड्यावर आणि एक माझ्या. मी केस कापलेत म्हणून तिने तो माझ्या मनगटाला बांधला. दिवसभर लिहिताना प्रत्येक ओळीला तो वास होता.

दहा वाजता राजवाड्यात गेलो. तांबडा जांभा, कमानी, मोठी झाडं. दरबार हॉलमध्ये कलाकार बसून गंजिफा रंगवतात आणि आपल्याला ते जवळून बघता येतं. मी तिथे अडीच तास बसले.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. मुळात इराणकडून आलेला खेळ. बाबराने 1527 मध्ये सिंधमधल्या एका मित्राला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. मुघलांच्या गंजिफेत 96 पानं. आपल्याकडे तिची दशावतारी झाली. दहा अवतार म्हणजे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी 12 पानं, एकूण 120. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. मत्स्याची सत्ती म्हणजे सात मासे. वाचता न येणाऱ्यालाही खेळता येईल, देवाचं नाव तोंडी राहील आणि मोजणीही येईल. हा खेळ ज्याने असा बदलून घेतला त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही, पण मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो.

पान करायची रीत अशी. कागदाचे थर चिंचोक्यांच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, गोल कापायचे, अस्तर द्यायचं, घोटायचं. त्यावर रंग, मग बारीक रेघा, शेवटी लाखेचा हात. माझ्यासमोरच्या ताई कासवं काढत होत्या. पेन्सिल नाही. ब्रशच्या टोकाला इनमिन चार केस असतील. पाठीचा गोल, चार पाय, मान, शेपटी, आणि लगेच पुढचं कासव. आठ कासवं झाली, आठही सारखी, तरी प्रत्येकाची मान थोडी वेगळीकडे वळलेली. मी विचारलं, "चुकलं तर?" त्या म्हणाल्या, "चुकलं तर त्याचं दुसरं काहीतरी करायचं. पुसत नाही." सकाळचा माझा ओघळ आठवला.

ही कला जवळजवळ संपली होती. खेळणारे गेले, मग करणारेही गेले. पुंडलिक चितारी नावाच्या एका वृद्ध कारागिराच्या हातात तेवढी उरली होती. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांना वाड्यात बोलावलं, स्वतः शिकले, आणि आळीतल्या तरुण मुलांना शिकायला बसवलं. राणीसाहेब स्वतः ब्रश घेऊन बसत. आज दरबारात जे हात चालतात ते तिथून आलेत. संस्थानं विलीन झाल्यावर अनेक वाड्यांत नुसत्या तसबिरी आणि वाघांची कातडी उरली. इथे एक धंदा उरला, घरं चालवणारा. माझ्या मते याची किंमत फार मोठी आहे.

एक गोष्ट मात्र मला सलते, आणि ती कलाकारांबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. बहुतेक लोक गंजिफा घेतात त्या चौकटीत लावायला. दहा राजे ओळीने काचेमागे. सुंदर दिसतात, प्रश्नच नाही. पण पान हातात धरायला केलंय. त्याची कड बोटांना लागावी, लाखेमुळे ते दुसऱ्या पानावरून सहज सरकावं, म्हणून एवढं घोटलंय. काचेमागे ते घोटणं वाया जातं.

आत्याने ताईंना विचारलं, "खेळतात कसं हो? मला सांगाल?"

ताईंनी ब्रश खाली ठेवला. खेळ तिघांचा. प्रत्येकाला 40 पानं. राजा सगळ्यांत वर, मग प्रधान. पुढे पाच अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान, तर उरलेल्या पाचांत उलट, एक्का मोठा आणि दश्शी लहान. आत्याने माझ्या वहीच्या मागच्या पानावर हे सगळं तिच्या शाळेतल्या अक्षरात लिहून घेतलं. मग ताई म्हणाल्या, "आणि दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्याकडे राम असेल त्याने पहिलं उतरायचं. दिवे लागल्यावर बसलात तर कृष्णाने."

मी आत्याकडे पाहिलं. रामाचा जन्म भर दुपारचा, कृष्णाचा मध्यरात्रीचा. पत्त्यांच्या डावात सूर्य बघून उतरायचं, असा नियम मी दुसऱ्या कुठल्या खेळात ऐकलेला नाही.

आत्याने पूर्ण संच घेतला. लाकडी पेटीसकट, पेटीवरही चित्रं. स्वस्त नाही. ती म्हणाली, "पेन्शन कशासाठी असते मग?"

दुपारी खानावळीत ओल्या काजूची उसळ. हे जेवण फक्त या दिवसांत. वाळलेल्या काजूशी त्याचं नातं नावापुरतं. ओला गर मऊ, दुधाळ, वाटपाच्या रसात शिजूनही स्वतःची गोडी राखणारा. तो सोलताना चिकाने बोटं भाजतात, सोलणाऱ्या बायकांच्या हातांची सालं निघतात. हे माहीत असल्यावर वाटीतला एकही गर टाकवत नाही. बरोबर भात आणि सोलकढी. दुपारी आत्या झोपली. मी खिडकीत बसून लिहिलं. शाईचं पेन आणलं होतं, हिरवी शाई. तीन पत्रं लिहिली, पोस्टकार्डावर नाही, चांगल्या कागदावर, दोन्ही बाजू भरून. एक आईला, एक वर्गमैत्रिणीला जिच्याशी चार वर्षं बोलणं झालं नव्हतं. तिसरं कुणाला ते इथे लिहीत नाही.

चारला पाकिटं टपालात टाकून श्रीराम वाचन मंदिरात डोकावलो. दीडशे वर्षांहून जुनं वाचनालय. म्हातारे वर्तमानपत्रावर वाकलेले, पंखा सावकाश. परतताना एका परसात पांगारा दिसला, रस्त्याच्या अगदी जवळ. फूल वाघाच्या नखासारखं वाकडं असतं, एक पाकळी मोठी, आतून केसर बाहेर आलेले. घरातल्या वहिनींनी विचारलं, "काय बघतास?" मी चित्र काढू का विचारलं, तर खुर्ची आणून दिली, वर कोकम सरबत. लाल रंगावर लाल रंग किती वेगळा असतो, हे त्या तासाभरात कळलं. देठाकडे शेंदरी, मधे रक्तासारखा, टोकाला जांभळट. माझ्या पेटीत दोन लाल होते. मी सुरंगीच्या वळेसरातली एक पाकळी चुरडून बघितली, पिवळा डाग पडला, तो तसाच फुलाच्या बुंध्याशी ठेवला. कागदाला अजून वास आहे.

रात्री लवकर झोपलो.

तिसरा दिवस

एसटीने कुडाळच्या दिशेने. पिंगुळी तिठ्यावर उतरून गुढीपूरला.

पिंगुळीचा ठाकर समाज चित्रकथी जपतो. सावंतवाडी संस्थानाने त्यांना पूर्वी आश्रय दिला होता. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यात या कलांचं संग्रहालय उभं केलं, आणि 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. शेणाने सारवलेली जमीन, भिंतींवर जुनी पानं, दोऱ्यांवर लटकणाऱ्या कळसूत्री बाहुल्या, आणि चामड्याच्या बाहुल्या, ज्या दिव्यासमोर धरल्या की पडद्यावर सावल्या होऊन नाचतात.

चित्रकथी म्हणजे चित्र दाखवत गोष्ट सांगणं. एका कथेच्या सुट्या चित्रांचा गठ्ठा असतो, त्याला पोथी म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा ती उभी धरतो, गातो, बोलतो, वाद्य वाजतं, आणि प्रसंग सरला की पान पालटतो. सुरुवात गणपती आणि सरस्वतीच्या चित्राने. त्या सकाळी आम्ही सहाच माणसं होतो, तरी त्यांनी पूर्ण नेमाने सांगितलं. सीताहरणाचा भाग होता. चित्रातली माणसं एका बाजूने दिसतात, डोळे मोठे, टोकदार, चेहऱ्यावर भाव फारसा नाही. पुण्यात केळकर संग्रहालयात मी पिंगुळीची जुनी चित्रं पाहिली होती आणि मनात म्हटलं होतं, जरा कोरडीच आहेत. त्या सकाळी माझी चूक कळली. भाव चित्रात नाही कारण तो आवाजाने भरायचा आहे. रावण भिक्षा मागतो तेव्हा आवाज आर्जवी, आणि तोच चेहरा आर्जवी दिसतो. सीता रेघ ओलांडते, वाद्य थांबतं, पान पालटतं. पालटतानाचा तो कागदाचा आवाज! माझ्या शेजारी सात-आठ वर्षांचा एक मुलगा होता, त्याने माझा हात धरला. मला ओळखतही नव्हता.

आत्याने सांगणाऱ्यांना वाकून नमस्कार केला. ते संकोचले, "आजी, तुमी नको." ती म्हणाली, "मी पंचेचाळीस वर्षं वर्गात गोष्टी सांगितल्या. मला कळतं, काय लागतं ते."

मी तिथे एकही चित्र काढलं नाही. वहीत फक्त ऐकलेल्या चार ओळी उतरवल्या. दुपारी परत, आणि संध्याकाळी तलावावर भजी आणि चहा.

चौथा दिवस

गाडी संध्याकाळची, म्हणून सकाळी रिक्षा ठरवून मळेवाडमार्गे शिरोड्याकडे. वाटेत आरवलीला वेतोबा. भव्य उभी मूर्ती, माणसाहून पुष्कळ उंच. नवसाला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या मोठमोठ्या चपला वाहतात. रात्री देव गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा. आताची मूर्ती पंचधातूची आहे, पूर्वीची फणसाच्या लाकडाची होती. त्यामुळे गावात घरासाठी फणसाचं लाकूड वापरत नाहीत, असं पुजाऱ्यांनी सांगितलं. आत्या चपलांच्या राशीसमोर बराच वेळ उभी होती. टाके मोजून घातलेले, पट्ट्यावर नक्षी.

शिरोड्याला मिठागरं चालू होती. चौकोनी वाफ्यांत पाणी, कडेला पांढरे ढीग. 1930 सालचा इथला मिठाचा सत्याग्रह पुस्तकात वाचला होता. त्याच काळात वि. स. खांडेकर इथल्या शाळेत शिकवत होते. 1920 ते 1938, म्हणजे अठरा वर्षं. एवढी वर्षं या गावात राहून, मुलांच्या वह्या तपासून, रात्री लिहायचं. मिठागराच्या बांधावर बसून मी एक पान लिहिलं, वाऱ्याने कागद फडफडत होता, अक्षर वाकडं आलं. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. खारट आणि मागाहून किंचित कडवट.

साडेसातच्या सुमाराला गाडीत बसलो. समोर मुंबईला निघालेली कॉलेजची मुलगी होती, कानात काहीतरी ऐकत. आत्याने शाल बाकावर पसरली आणि पेटी उघडली. मुलीने कानातलं काढलं. "आजी, हे काय?"

"तिसरी हवीच होती," आत्या म्हणाली.

मी वहीचं मागचं पान उघडून समोर ठेवलं. 120 पानं वाटायला बराच वेळ गेला. चाळीस गोल पानं एका हातात राहत नाहीत, निसटतात, म्हणून आम्ही तिघींनी ओटीत घेतली. लाखेची पानं एकमेकांवर पडताना बारीक टकटक वाजत होती. मुलीने एक पान उजेडाखाली धरलं आणि कासवं मोजली.

"आता कोण उतरणार?" मी विचारलं.

आत्याने खिडकीबाहेर पाहिलं. झाडं काळी झाली होती. एका घराच्या अंगणात दिवा दिसला आणि मागे गेला.

"दिवे लागले," ती म्हणाली. "कृष्ण कुणाकडे आहे?"

तिघी आपापल्या ओटीत शोधायला लागलो. रामही सावळा आणि कृष्णही सावळा. दिव्याच्या त्या उजेडात ओळखायला वेळ लागत होता. मुलीला दोनदा वाटलं, तिच्याकडेच आहे. दोन्हीदा राम निघाला.